चक्कीचा पट्टा

माझ्या नवऱ्याचा जीव पिठाच्या चक्कीवर टांगलेला होता असं म्हटलं, की लोकांना वाटतं बाई रंगवून सांगते. आता रंगवायला काय उरलंय?

ऐंशी-पंच्याऐंशीचे दिवस. ते पांढुर्ण्याकडे लाईनमन होते. सबस्टेशनचा निरोप आल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही आणि आधी टेस्टरनं तपासायचं, हा नियम. टेस्टर दुरुस्तीला सौंसरला गेला तो गेलाच. निरोप आणणारा सायकलवाला अर्धा दिवस लावायचा. मग यांनी युक्ती काढली. आमच्या वस्तीतली चक्की त्याच लाईनवर चालायची. हे खांबावर चढून कान देऊन बसायचे. चक्कीची घरघर थांबली, की लाईन बंद झाली समजायचं.

"हातमोजे तरी मागा ना साहेबाले! तोंड काय शिवलं तुमचं?" मी कावायची.

"मागून राहिलो ना व. येतीन म्हणते साहेब," ते हसायचे. "चक्की खोटं बोलत नाही."

संत्र्याचा बहार गेला, कापूस वेचून झाला. मोजे काही आले नाहीत.

त्या दिवशी दुपारी लाईन बंद होणार होती. मी ज्वारी घेऊन चक्कीवर गेले होते. दोन वावरं पलीकडे, सावरगावच्या वाटेवर, ते खांबावर बसलेले दिसत होते. माझं दळण निम्मं झालं आणि फाटकन चक्कीचा पट्टा तुटला. घरघर थांबली. चक्कीवाल्यानं कपाळाला हात लावला. बाया कुरकुरल्या, "झालं! आता बसा."

माझी नजर वर गेली. चक्कीतला बल्ब जळतच होता.

अरे देवा! मी डबा टाकून पळत सुटले. "अहो, लाईन चालू हाये! हात नका लावू!" गळा फाटेस्तोवर ओरडले. आवाज पोचला असावा, शब्द नाही. त्यांनी वळून पाहिलं. चक्कीकडे बोट दाखवलं, बंद पडली म्हणून हात हलवला, हसले. आणि तारेकडे वळले.

"नियम मोडला, चूक त्याचीच," साहेब दारात उभा राहून म्हणाला. टेस्टर कुठं होता, मोजे कुठं होते, मी विचारलं. तो चपला शोधत होता.

संध्याकाळपर्यंत पट्टा शिवून झाला. लोकांना पीठ लागतंच. चक्कीवाल्यानं माझं राहिलेलं दळण स्वतः घरी आणून दिलं. त्याच पिठाच्या भाकरी शेजारणीनं थापल्या, एक माझ्या हातात दिली.

मी ती खाल्ली.