जागा धरलेला दुपट्टा

मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी आमचं शिबिर होतं, शुगर असलेल्यांचे डोळे तपासायचं. मी कॅमेऱ्याने डोळ्याच्या आतला फोटो काढायचे आणि तो पाहून संगणक मिनिटभरात सांगायचा, डोळा ठीक आहे की बिघडलाय. त्याचं मला भारी कौतुक. येईल त्याला ऐकवायचे, "याला आतलं सगळं दिसतं!"

ते म्हातारे बाबा बाकाच्या टोकाला बसले होते. शेजारी खांद्यावरचा दुपट्टा टाकून जागा धरलेली, एसटीत धरतात तशी. कोणी बसू लागलं की म्हणायचे, "येऊन राह्यले." त्यांचा नंबर आला तरी कोणी आलं नव्हतं.

कॅमेऱ्यापुढे हनुवटी टेकवून ते आतल्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिले. पापणीसुद्धा हलली नाही. संगणकाने दोन्ही डोळ्यांपुढे लाल खूण केली.

"बाबा, लवकर बुलढाण्याला जावं लागेल. तिथे डोळ्यात औषध टाकतात, मग बराच वेळ धुरकट दिसतं. कोणाला तरी सोबत न्या. घरी कोण असतं?"

त्यांनी हनुवटी टेकवलेली जागा बाहीने पुसली.

"याले आतलं सारं दिसते म्हन्ता नं, मॅडम? मंग मले काऊन विचारून राह्यल्या?"

माझं ते वाक्य मी पुन्हा कोणाला ऐकवलेलं नाही.

मी दिलेली बुलढाण्याची चिठ्ठी खिशात ठेवून ते बाकाकडे गेले. दुपट्टा उचलला, झटकून खांद्यावर टाकला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या एका बाईला म्हणाले, "बसा माय, रिकामीच हाये जागा."