गोडं पाणी

दुपार कलंडत असते. वीज जाते, माशांच्या टाकीचा पंप थांबतो आणि घर एकदम बहिरं होतं. मी फरशीवर आडवी होते. गाल टेकला की तेवढाच गारवा. डोळे मिटतात, पण निळं काही मिटत नाही. पापणीच्या आत ते हलत राहतं.

हे निळं वत्सलाआत्याचं. सोलापुरात मुलींच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून ती निवृत्त झाली, आणि समुद्रापासून इतक्या लांब, दुसऱ्या मजल्यावर, तिनं समुद्र मांडला. पाच फुटांची काच, जांभळी पोवळी, लिंबासारखा पिवळा मासा, चिमुकल्या निळ्यांचा थवा, आणि समुद्रफूल नावाच्या जिवाच्या मऊ, डंखऱ्या बोटांत लपणारा, पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंग्या. माघात ती गेली. दवाखान्यात, नाकात नळी असताना, माझा हात धरून एवढंच म्हणाली होती, "शैले, रोज पाणी भरत जा. उतरू देऊ नकोस." तो शब्द मी मोडलेला नाही. तरी एकेक मासा गेला. आता नारिंग्या एकटा उरलाय, आणि तोही तळाशी बसून धापा टाकतोय.

"ऊठ गं. भरदुपारी लोळतेस काय?"

आत्या स्टुलावर बसलेली आहे. पदर खोचलेला, उजवा हात कोपरापर्यंत टाकीत. काच पुसतेय. ती गेलेली आहे हे मला ठाऊक आहे. तिलाही.

"बारीक झालीस," मी म्हणते.

"इथून गेल्यावर कोण जाड होतं? तू मात्र सुटलीस. डब्यातले लाडू संपवलेस ना माझे?"

"आत्या, मासे जातायत."

"दिसतंय मला. तू रोज काय करतेस ते सांग."

"पाणी भरते. उन्हानं दोन बोटं उतरतं रोज. सकाळी उठल्याबरोबर तुझ्या मापानं मीठ कालवते आणि खुणेपर्यंत भरते. एक दिवस चुकले नाही."

तिचा हात पाण्यात थांबतो.

"मिठाचं भरतेस?"

"समुद्राचे मासे ना ते? गोडं पाणी कसं घालू?"

ती हात बाहेर काढून खडू उचलते. आम्ही वर्गात आहोत. मी पहिल्या बाकावर, गुडघे अडकलेले. ती फळ्यापाशी, आणि फळ्याच्या जागी टाकी; नारिंग्या कोपऱ्यात. टेबलावर जर्मनच्या पत्र्याची ताटली, ताटलीत मिठाचं पाणी. खिडकीतून ऊन आत येतं, ताटलीपाशी बसतं आणि मांजरासारखं चाटूनपुसून पितं. आत्या जात्यावर बसल्यासारखी स्वतःशीच म्हणते:

*ऊन पिऊन गं गेलं, माझ्या ताटातलं पाणी*
*मीठ राहिलं गं मागं, त्याला विचारीना कुणी*

"शैला, उभी राहा. ताटलीत काय राहिलं?"

"मीठ."

"पाणी कुठं गेलं?"

"उडालं."

"आणि तू रोज वरून काय घातलंस?"

मागच्या बाकांवरून कुणी हसत नाही. मागं बाकच नाहीत. नुसतं पांढरं मिठागर, नजर पोचेल तिथवर, आणि त्यावर पिवळं काहीतरी पडलंय. ते काय आहे, मला जवळ जाऊन बघायचं नाही.

"मिठावर मीठ," मी म्हणते.

"पाण्यातलं मीठ मोजायची काचेची नळी होती की कपाटात."

"तेराव्याच्या गर्दीत फुटली."

"नवी आणायची होतीस."

"मला वाटलं, तुझ्याविना करमत नाही म्हणून जातायत सगळे."

"मासे ते, शैले. त्यांना न करमायला काय झालं? न करमणारी तू."

"मीच मारले का गं?"

तीस वर्षांत तिनं कुणाला फुकटचा एक गुण दिला नव्हता.

"होय," ती म्हणते.

हे ती खाटेवरून म्हणते. नाकात नळी आहे, उशाशी सलाईन. "मीही सांगितलं नाही कुठलं पाणी ते. दम पुरला नाही." मग उशीवर मान वळवून, "उपाशी मात्र कुणी गेला नाही हो तुझ्या हातून."

"नारिंग्या तरी वाचेल? आत्ता बादलीभर गोडं ओतते."

"बादली ओतलीस तर धक्क्यानंच जाईल. पेला पेला घाल. पंधरा दिवस लागतील."

"तेवढा टिकेल?"

सलाईनचा थेंब लोंबतो, पडत नाही.

"आत्या, टिकेल का?"

"हात दे इकडं."

खाटेखाली पाणी आहे, निळं. ती माझी बोटं धरून आत नेते आणि समुद्रफुलात ठेवते. फूल बोटांना चिकटतं, बारीक बारीक चटके देतं. नारिंग्या येतो, बोटांच्या फटीत शिरतो, तिथंच टेकतो. त्याची धाप मला नाडीसारखी लागते. आत्याचा हात माझ्या हातावर आहे. मग नाही.

पंप घुमायला लागतो. वीज आलीय.

नारिंग्या वाळूवर कुशीला पडलाय. कल्ला हलतो, थांबतो. मी श्वास धरून बघते, पुन्हा हलतो. मी स्वयंपाकघरातून गोड्या पाण्याचा पेला आणते आणि काचेवरून हळूच सोडते. पंधरा दिवस म्हणाली ती. त्याला संध्याकाळसुद्धा दिसायची नाही, हे मला दिसतंय. तरी दुसरा पेला भरते.

पेला धरवत नाही. उजव्या हाताची बोटं चुरचुरतायत. आज टाकीत मी हात घातलेलाच नाही. उजेडात धरून बघते, तर चारही बोटांच्या टोकांवर बारीक, लालभडक पुरळ उठलंय.