४४३ नंबरचे दार

आमच्या समाजाच्या विवाह परिचयाचे संकेतस्थळ मी तालुक्याच्या गावी, गोरेगावला, घरातल्या संगणकावरून चालवत असे. मुलींचे फोटो आणि वडिलांचे नंबर परक्या यंत्रावर ठेवायला पालक तयार नव्हते. इंटरनेटवाल्याकडून कायमचा पत्ता घेतला होता. बाहेरून कोणी आले की राउटर त्याला ४४३ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे दारातून, आत घेई आणि घरातल्या १९२.१६८.१.५ या पत्त्याकडे, म्हणजे संगणकाकडे पाठवी. ब्राउझरमध्ये कुलपाची खूण दिसे, पासवर्डशिवाय पान उघडत नसे.

मे महिन्यात भाचीला भिलाईचे स्थळ आले. संकेतस्थळावर तिची माहिती पाहून मुलाकडचे लोक रविवारी यायचे की नाही ते ठरवणार होते. शनिवारी सकाळी ताईचा फोन आला.

"तुझी साइट काऊन नाही उघडून राहिली? ते म्हणतात, दाखवायचं नसेल तर तसं सांगा."

माझ्या संगणकावर पान नीट उघडत होते. शेजारी बसलेला साळा म्हणाला, "भाऊजी, फोटो व्हॉट्सॲपवर टाका ना. झंझट खतम."

"आणि पुढे तो कोणाकोणाकडे फिरला, ते तू सांगशील?"

मी राउटरमध्ये जोडलेल्या उपकरणांची नावे पाहिली. शेवटी ५ असलेला पत्ता माझ्या मोबाइलकडे होता, संगणकाकडे ७ वाला. आमच्याकडे ढग गडगडले की आधी प्लग निघतात, मग वाळत घातलेले कपडे. आदल्या संध्याकाळी बायकोने सगळे प्लग काढले होते. सकाळी लावल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले, आणि संगणक सुरू होईपर्यंत मोबाइलने त्याचा पत्ता घेतला. म्हणजे भिलाईचे लोक माझ्या शर्टाच्या खिशात येत होते.

"राउटरचा प्लग कायले काढला?" मी विचारले.

"मागच्या साली टीव्ही जळला, तेव्हा तुम्हीच ओरडले होते ना?"

५ हा पत्ता मी संगणकासाठी कायमचा राखून ठेवला. मोबाइलचे वायफाय बंद करून, बाहेरच्या माणसासारखे पान उघडून पाहिले. उघडले, कुलपासकट. मग ताईला कळवले.

दुपारी तिचा फोन आला. त्यांनी पाहिले होते, रविवारी येणार होते. मग भाचीने फोन घेतला.

"मामा, त्यांनी पाहिलं ना? आता माझं पान काढून टाक. बाकीच्यांनी कायले पाहायचं?"

"नाही जमलं तर?"

"तर पुन्हा टाकू."

मी पान काढले आणि तिला उघडून पाहायला सांगितले.

"नाही दिसत," ती म्हणाली, आणि मगच तिने फोन ठेवला.