काकी कशाला ‘हो’ म्हणाली

“मान हलवू नको. होया काय नको, ता तोंडान सांग!”

लालबागला काकीच्या खानावळीत नवा माणूस जेवायला आला, की पहिल्याच दिवशी त्याला हा दम मिळायचा. आमटी वाढू का, असं तिने विचारलं आणि त्याने नुसती मान डोलावली, तर वाटी रिकामीच. काकी पळी वर धरून उभी. आम्ही जुने जेवणारे गालातल्या गालात हसायचो. हट्टी बायका तुम्हीही पाहिल्या असतील. पण भरल्या पातेल्याशेजारी गिरणी कामगाराला ताटकळत ठेवणारी मी हीच एक पाहिली. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. काकीचा पाय घरात ठरत नसे. रस्त्यावर घोषणा ऐकू आल्या, की चुलीवरचं तसंच टाकून ती जिना उतरायची. त्या काळात करपलेलं कालवण आम्ही इतकं खाल्लं, की पुढे चांगलं कालवण बेचव लागू लागलं. गोळीबार झाला त्या दिवशी ती अनवाणीच परतली आणि तळव्यातली काच काढता काढता उद्याचा मोर्चा कुठून निघणार ते विचारत बसली.

मी पडलो कारकून. वाद घालायची मला भारी खुमखुमी. बंदर, गिरण्या, भाषावार प्रांत, सगळं मी तिला ऐकवायचो. एकदा चिडवलं, “काकी, तुला राज्य कशाला गं? मंत्री व्हायचंय का?”

ती हसली नाही. भाकरी थापता थापता सांगू लागली. नवरा गिरणीत साच्यावर कापड विणायचा. पोटात कळा येऊ लागल्या म्हणून त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टरने इंग्रजीत काहीतरी विचारलं. मोठ्या माणसाला उलटून विचारायचं नाही, ही आपली रीत. हिने मान हलवली. त्याला आत नेलं, आणि तो जिवंत बाहेर आलाच नाही.

“मी कसल्याक हो म्हटलंय, ता अजून माका कळूक नाय.”

त्यानंतर मी तिला बंदर आणि प्रांत ऐकवायचं सोडलं. मला फार वाईट वाटलं.

अखेर राज्य झालं. लालबागमध्ये रोषणाई, गुलाल, पेढे. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर खानावळीला कुलूप! काकी इस्पितळात गेली, असं शेजारणीने सांगितलं. आजारी पडली की काय, म्हणून मी भुकेल्या पोटी धावलो.

काकी धडधाकट होती. घोडपदेवच्या कुणा अनोळखी बाईला चिकटून बाकावर बसली होती. त्या बाईचा नवरा आत खाटेवर होता. एक तरुण डॉक्टर तिला भराभर इंग्रजीत काही सांगत होता आणि ती खाली बघत होती. काकी उठली.

“डाक्टर, गाव खंयचा तुमचा?”

“सातारा,” तो गोंधळून म्हणाला.

“मगे हिका साताऱ्याच्या भाषेत सांगा.”

तो वरमला. मग सावकाश सांगू लागला. पाय कापावा लागणार होता.

“आन् न्हाई कापला तर?” बाईने विचारलं.

“जिवाला धोका आहे.”

“कापल्यावर वाचंल?”

“वाचेल.”

तिने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, “मग कापा.”

डॉक्टर आत गेला. काकीने पदर तोंडाला लावला आणि ती चारचौघांत मोठ्याने रडू लागली. मी जवळ गेलो, तर माझा हात घट्ट धरून म्हणाली, “माका पण ह्याच इचारूचा होता रे.”