कॉलरवरची जादा भोकं

"अरे, साक्रीला शिलाईची लाईन कुठे आहे? तिथे हळदीकुंकू चालतं."

पाटणकर सरांचं हे वाक्य मी जळगावच्या आमच्या कन्सल्टन्सीच्या ऑफिसात, पॅन्ट्रीच्या दाराबाहेर उभी राहून ऐकलं. आत सर आणि माझा सहकारी निखिल होते. निखिल हसला. सर पुढे म्हणाले, "आकडे बघ ना. फैजपूरची बाई एक कॉलर लावते तेवढ्यात साक्रीची अर्धी लावते. मशीन तेच, ट्रेनिंग तेच. मग उरलं काय? माणूस."

ते आकडे मीच आणले होते. चहा न घेता मी जागेवर परत आले.

मी इंडस्ट्रियल इंजिनिअर आहे. नाव भारी असलं तरी काम साधं आहे. शिवणाऱ्या बाईशेजारी स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि एका नगाला किती वेळ लागतो ते लिहायचं. याला टाइम स्टडी म्हणतात. ज्या कंपनीसाठी मी तो केला ती शाळेचे गणवेश शिवते. तिची दोन युनिट आहेत, एक फैजपूरला आणि एक साक्रीला.

या कंपनीला पैसे पुरवणाऱ्या संस्थेला एक मोठा प्रश्न पडला होता. शेजारी-शेजारी असलेल्या देशांपैकी एक झपाट्याने पुढे जातो आणि दुसरा मागे राहतो, असं का होतं? त्यावरचा रिपोर्ट सर लिहीत होते. पहिल्या भागात त्यांनी देशांच्या जोड्या लावल्या होत्या. पाऊस सारखा, पिकं सारखी, माणसंही दिसायला सारखी, तरी एक पुढे आणि एक मागे. सरांचं उत्तर दोन शब्दांत होतं : वर्क कल्चर. दुसऱ्या भागात त्याचा घरचा पुरावा म्हणून फैजपूर आणि साक्री. शेवटच्या पानावर शिफारस होती की साक्रीचं युनिट बंद करून मशीनं फैजपूरला हलवावीत.

साक्रीच्या आसपासच्या पाड्यांवरून तिथे कामाला येणाऱ्या बायका आधी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायच्या. युनिट बंद झालं तर पुन्हा कोयता. रिपोर्टमध्ये याबद्दल एक ओळही नव्हती.

टाइम स्टडी करताना आम्ही प्रत्येक लाईनवरचे काही नग सॅम्पल म्हणून आणतो. त्या दुपारी मी पिशवी उघडली. खरं तर सरांचं म्हणणं पटवून घ्यायलाच उघडली होती. फैजपूरची कॉलर उजेडात धरली, तर टाक्यांची एक ओळ. साक्रीची धरली, तर टाक्यांच्या ओळीला लागून भोकांची आणखी एक ओळ, दोऱ्याशिवाय. दुसरी कॉलर घेतली. तिसरी घेतली. सगळ्या तशाच. शिवण उसवून पुन्हा घातली होती. चुकली म्हणून उसवली असेल म्हणावं, तर उसवलेली ओळही तितकीच सरळ होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि धुळ्यावरून साक्रीला गेले. युनिटमध्ये मशीनांवर फडकी टाकलेली होती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. लाईनची सुपरवायझर सुमनअक्का मला बघून उठली.

"आज घड्याय नही का, ताई?"

सगळ्या हसल्या. मी कॉलर पुढे केली आणि विचारलं, ही दोनदा का शिवली? हसणं थांबलं. अक्काने कॉलर हातात घेतली, उलटी केली, परत दिली.

"कापडच नही येल शे. तवबी नही व्हतं. तू घड्याय लिसन डोकावर उभी. मंग आम्ही रिकाम्या कश्या बठूत? उसवी उसवीसन शिवं."

मागून एक तरुण बाई म्हणाली, "रिकाम्या दिसनूत ते युनिट बंद करतीन, असं वाटनं आमले."

म्हणजे कापड संपलं होतं आणि स्टॉपवॉच चालू होतं. रिकामं दिसलो तर युनिट जाईल, या भीतीने बायकांनी चांगल्या शिवणी उसवल्या. मजुरी नगावर मिळते, उसवण्याला काहीच मिळत नाही. टाइम स्टडीचे तीन दिवस त्यांनी हे फुकट केलं, आणि उसवताना दिसलं तरी चूक दुरुस्त करत असतील असं समजून मी ते 'स्लो' म्हणून लिहून घेतलं. तीन दिवसांत मी कुणालाही एक प्रश्न विचारला नव्हता. इंग्रजी शाळेतली मी. अहिराणी समजते, पण बोलताना जीभ अडते आणि लोक हसतील असं वाटतं. म्हणून गप्प राहून नीटनेटकं रीडिंग घेतलं.

कापड का येत नव्हतं? कापड कापायचं टेबल एकच, फैजपूरला. तिथला कटिंग मास्तर आधी आपल्या लाईनला देतो, उरलं तर साक्रीला. ते उरलेलंसुद्धा गाडी पूर्ण भरल्याशिवाय निघत नाही. रस्त्याला दोष देता येणार नाही, हायवे साक्रीतूनच जातो. फैजपूरला केळीमुळे वर्षानुवर्षं गाड्यांची ये-जा आहे, हवी तेव्हा गाडी मिळते. साक्रीला तसं काही आधीपासून नव्हतं आणि कंपनीने करून दिलं नाही. अक्का रोज फोन करायची. पलीकडून उत्तर यायचं, "उद्या."

आणि यावरून आम्ही आख्ख्या देशांच्या स्वभावाबद्दल लिहिणार होतो! एकाच्या हातात कात्री, दुसरा त्याच्या रांगेत उभा. वरून रांगेतल्यालाच विचारायचं, तू हळू का?

सरांना सांगितलं.

"साक्रीचं रीडिंग चुकलंय, सर."

"कोणी घेतलं?"

"मी."

"बायकांनी वेळ काढला, असंच ना? मग मी वेगळं काय म्हणतोय?"

"कापड नव्हतं, सर."

"तगादा लावायचा. तेसुद्धा वर्क कल्चरच आहे. आणि दोन भोकांसाठी मी रिपोर्ट बदलणार नाही."

अक्का रोज फोन करते, हे मला तेव्हा सांगायचं होतं. मी "ओके सर" म्हणाले. त्या "ओके"चा राग मला अजून येतो.

निकाल आधीच सांगून टाकते. साक्रीचं युनिट चालू आहे. तिथे आता स्वतःचं कटिंग टेबल आहे आणि टाक्यांची ओळ एकच असते. रिपोर्टमधून साक्रीचं पान गेलं, देशांबद्दलचं पान होतं तसंच राहिलं. पुढच्या प्रोजेक्टवर सरांनी मला घेतलं नाही. धडा एवढाच : टाइम स्टडीच्या फॉर्ममध्ये 'का थांबली' असा एक रकाना ठेवावा. माझ्या फॉर्ममध्ये तो आता आहे.

रिपोर्टचं सादरीकरण धुळ्यात, एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. संस्थेची माणसं, कंपनीचे मालक आणि मागच्या रांगेत दोन्ही युनिटच्या सुपरवायझर. साक्रीच्या स्लाइडवर सर थांबले. संस्थेच्या मॅडमनी विचारलं, "हे रीडिंग कोणी घेतलं?"

"आमच्या टीमने," सर म्हणाले.

मी उठले. पर्समधून दोन कॉलर काढल्या, एक फैजपूरची आणि एक साक्रीची, आणि टेबलावर ठेवल्या. इंग्रजीत बोलणं मला सोपं गेलं असतं. पण मागे सुमनअक्का बसली होती, आणि बोलणं तिच्याबद्दल होतं. म्हणून मराठीत म्हणाले,

"हे रीडिंग मी घेतलंय, आणि ते चुकीचं आहे. या बायका हळू नाहीत. त्यांनी एकच कॉलर दोनदा शिवली, कारण आपण त्यांना दुसरी दिलीच नव्हती."