एकमताने नाही

ऑगस्टचा दुसरा शनिवार. जव्हारमधल्या एका कॉलेजचं सभागृह. मंचावर तिघे. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे साहेब म्हणतात. ठाण्याहून आलेले एक निवृत्त प्राचार्य. आणि विद्यापीठाच्या अधिसभेला उभा राहणारा साहेबांचा पुतण्या. खाली आम्ही, जव्हार-मोखाड्याचे शे-सव्वाशे पदवीधर. जेवणाचा आणि जीपगाड्यांचा खर्च चाळीस हजार. आकडा साहेबांनीच माईकवरून सांगितला.

फलकावर विषय होता, ‘विद्यापीठ चालवणाऱ्यांची पात्रता काय असावी?’

अधिसभा म्हणजे विद्यापीठाला जाब विचारणारी सभा. तिथे पदवीधरांनी मत देऊन आपली माणसं पाठवायची असतात. आमच्याकडे ते मत जीपने जातं. गावागावात जीप येते, पदवीधर बसतात, जेवतात, साहेब सांगतील तेव्हा हात वर करतात. जीपने आलेल्या माणसाने मंचाला प्रश्न विचारायचा नसतो. हे कुणी शिकवत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं.

मीही जीपनेच गेलो होतो. पोशेऱ्याहून. सोबत माझी मुलगी.

प्राचार्य म्हणाले, “कुलगुरू संशोधकच हवा. नावावर शोधनिबंध हवेत, पीएच.डी.चे विद्यार्थी हवेत.”

साहेब हसले. “सर, संशोधक प्रयोगशाळेत शोभतो. विद्यापीठ चालवायला माणसं चालवता यावी लागतात. आम्ही तीन कॉलेजं चालवतो.”

टाळ्या. मग साहेब म्हणाले, “कुणाला काही विचारायचंय?” हे फक्त विचारायची पद्धत म्हणून.

मी उभा राहिलो.

माझी मुलगी याच कॉलेजात बी.एस्सी.ला. शेवटचं वर्ष. एप्रिलमध्ये सगळे पेपर दिले. निकालात रसायनशास्त्रापुढे गैरहजर. हॉलतिकिटावर त्या दिवशीच्या पर्यवेक्षकाची सही आहे. ते घेऊन कॉलेजात गेलो. म्हणाले, विद्यापीठात जा. विद्यापीठात गेलो. खिडकीतला म्हणाला, कॉलेजचं पत्र आणा. कॉलेजने पत्र दिलं नाही. पुन्हा विद्यापीठ. पुन्हा कॉलेज. तिकडे तिचा पुढचा प्रवेश बंद झाला. तिच्यासोबतच्या दोघी नाशिकला गेल्या. ही घरी भाकऱ्या थापते.

मी म्हणालो, “पात्रतेत एक गोष्ट घाला. हजर असलेली पोर गैरहजर लागली, तर जो तिच्या बापाला स्वतः भेटेल, कागद बघेल आणि उत्तर देईल, असा माणूस हवा. मग तो संशोधक असो नाहीतर कोणी.”



साहेबांनी विचारलं, “तुमचं शिक्षण?”

“बी.ए.”

“कुठून?”

“इथूनच.”

“मग झालं तर! तुमची पात्रता आम्हीच दिलेली.”

हशा. पुतण्या सर्वांत मोठ्याने.

मी म्हणालो, “साहेब, माझं राहू द्या. पोरीचं सांगा.”

साहेबांनी माईक जवळ ओढला. “पोरगी खरंच पेपराला बसली होती का? नीट विचारा तिला. आवणीला गेली असेल शेतात, आणि घरी सांगितलं असेल पेपर होता!”

सभागृहात हशा पिकला. आमचीच माणसं हसली. आवणी करणारी, आवणी करून पदवी घेतलेली. पोशेऱ्याची, खोडाळ्याची.

एप्रिलमध्ये आमच्या पाड्यावर प्यायला पाणी नसतं. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात. आवणी कसली? ती पावसाळ्यात, भाताची रोपं लावायची. हे मी तिथे बोललो नाही. मुलीने माझा शर्ट खेचला.

“बाबा, बसा.”

मी बसलो. ती समोर बघत होती. रडली नाही.

मग ठराव आला. पुतण्याला सर्व पदवीधरांचा पाठिंबा. हात वर करा. हात वर झाले, भाताचं रोप उभं राहावं तसे. माझा खाली होता. शेजारी बसलेला खोडाळ्याचा माझा वर्गमित्र दबक्या आवाजात म्हणाला, “कर ना रं वर. त्यांच्या गाडीनं आलाव आपण.”

साहेब म्हणाले, “ठराव एकमताने मंजूर.”

मी पुन्हा उभा राहिलो. “एकमताने लिहू नका. एक हात खाली आहे.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. कारकुनाला म्हणाले, “लिही, एकमताने.” त्याने लिहिलं.

मी काही करू शकलो नाही. खरं तेच सांगतो.

आम्ही जेवलो नाही. जीपमध्ये बसलो नाही. एस.टी.ने मोखाड्याला उतरलो, तिथून चालत. वाटेत मुलगी एकदाच बोलली. “बाबा, त्यांनी माझं नाव पण विचारलं नाही.”

त्या वाक्यावर मी थांबलो. इतकी वर्षं मी मत देत आलो, ते कुणाला दिलं ते मी विचारलं नव्हतं. माझ्या पोरीच्या निकालावर गैरहजर लिहिणारे आणि ठरावावर एकमताने लिहिणारे वेगळे नव्हते. त्यांना आमचं असणं मोजायचंच नव्हतं.

अधिसभेत आमच्यासारख्या आदिवासी पदवीधरांसाठी एक राखीव जागा असते. दर वेळी तिथे साहेबांच्या पसंतीचा शांत माणूस निवडून जातो. मी ठरवलं, अर्ज भरायचा. खोडाळ्याच्या मित्राकडे सूचक म्हणून सही मागितली. तो म्हणाला, “माझी दोन पोरं त्यांच्याच कॉलेजात हायेत. मला मारतोस काय?” त्याचंही चूक नाही. पाच गावं फिरलो. शेवटी जामसरच्या एका निवृत्त गुरुजींनी सही दिली. म्हणाले, “माझं आता काय कापणार ते?” अनुमोदक त्यांची सून झाली.

मुलगी म्हणाली, “मी करते ना सही.”

तिची सही चालत नाही. विद्यापीठाच्या लेखी ती पदवीधर नाही.

मी पडणार, हे मला कळतं. मतदार त्यांच्या जीपमध्ये आहेत. निकाल अजून दुरुस्त झालेला नाही, कदाचित होणारही नाही. पण मतपत्रिकेवर माझं नाव छापावं लागेल, आणि मोजताना मला पडलेली मतं वेगळी लिहावी लागतील. या वेळी, पुढच्या वेळी आणि त्याच्या पुढच्या वेळीही मी उभा राहणार. एकमताने हा शब्द त्यांना पुन्हा लिहू देणार नाही.

अनामत भरली. पाच हजार रुपये, विद्यापीठाच्या कुलसचिवांच्या नावे.