हाकेला ओ

सोनोग्राफीच्या खोलीत तिला सगळे फुगेवाली म्हणत. “फुगे विकायला बसलेय का मी?” ती फणकारायची. ती रुग्णाच्या शिरेत सोडायची ते चरबीच्या पातळ सालीचे, रक्तपेशीहून बारीक बुडबुडे. ध्वनिलहरी आदळल्या की ते फुगत, आकसत आणि पडद्यावर उजळत. मग लहरींचा जोर वाढवून ती ते फोडायची, की पडदा काळा. रक्त वाहत असेल, तरच नवे बुडबुडे येऊन पुन्हा उजेड होई.

नवरा अपघातात गेला, तेव्हा तिने त्याची मूत्रपिंडं दान केली. कोणाला बसवली, ते तिला कधी कळलं नाही. तेव्हापासून बसवलेलं मूत्रपिंड तपासताना तो काळा पडदा तिला खायला उठे. ती पुटपुटायची, “अहो...”

“ओ?” टेबलावरचा पुरुष दचकायचा.

“काही नाही. श्वास रोखा.”

आज टेबलावर मूत्रपिंड बसवलेली कॉलेजातली मुलगी होती. पडदा काळा झाला आणि फुगेवालीच्या तोंडून “अहो” निसटलं.

“मला कसलं अहो-जाहो करताय, काकू?” मुलगी हसली.

पडद्यावर कडेकडेने उजेड चढत होता, आतून कोणी ओ द्यावी तसा.